चारशे बारा नंबरचा गोठा

"मॅडम, हाच तो गोठा," सुभानभाऊ म्हणाले आणि त्यांनी सायकल स्टँडवर लावली.

मी हातातलं रजिस्टर बघितलं, मग समोर बघितलं, मग पुन्हा रजिस्टर. मालमत्ता क्रमांक ४१२. मालक यादव तुकाराम झोपे. वर्णन: गोठा, कुडाचा, एक. वार्षिक कर अकरा रुपये चाळीस पैसे.

समोर तीन मजली पांढराशुभ्र बंगला होता. गच्चीवरची पाण्याची टाकी कमळाच्या आकाराची होती. अंगणातलं गवत इतकं हिरवं, की आमच्या चांदसूरला एप्रिलमध्ये असा हिरवा रंग कुठे दिसतो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"सुभानभाऊ, नंबर चुकला असेल."

"नंबर बरोबर आहे. पूर्वी इथे खरंच गोठा होता. दोन म्हशी होत्या. मी पाहिल्यात. बंगला झाला त्याला सोळा वर्षं झाली. पण गोठा काही कुणी खोडला नाही."

ही १९९३ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि नगरपरिषदेत कर निरीक्षक म्हणून लागून मला पाचच महिने झाले होते. दर चार वर्षांनी गावातली घरं नव्याने मोजायची आणि घरपट्टी ठरवायची, असा नियम. माझ्या आधीच्या साहेबांनी कचेरीत बसूनच घरं मोजली होती. मी नवी होते, म्हणून टेप घेऊन उन्हात हिंडत होते. टेपचं दुसरं टोक धरायला सुभान तडवी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले शिपाई, त्याआधी बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात वॉलमन. गावातली प्रत्येक पाइपलाइन त्यांना नातेवाइकासारखी ठाऊक होती.

फाटक उघडून स्वतः यादवशेठच आले. केळीचे मोठे व्यापारी. त्यांचे ट्रक थेट दिल्लीला जायचे. अंगात मलमलचा सदरा, चेहरा हसरा.

"या, या! नव्या मॅडम ना? बसा. ऊन काय पडलंय!"

"शेठ, मी घर मोजायला आले."

"घर?" त्यांनी मागे वळून असं बघितलं, जणू बंगला आत्ताच कुणीतरी आणून ठेवला होता. "कागदावर काय लिहिलंय?"

"गोठा."

"मग गोठाच. सरकारचा कागद आहे, मॅडम. सरकारला खोटं पाडणारा मी कोण?"

सुभानभाऊ दुसरीकडे बघून हसू दाबत होते. मला राग आला होता, पण माणूस एवढ्या गोडीत बोलत होता की रागाला जागाच सापडत नव्हती. आम्हाला ओट्यावर खुर्च्या दिल्या, केळीचे वेफर्स आले, चहा आला. शेठ समोर मांडी घालून बसले आणि त्यांनी मला शाळेतल्या मुलीला समजवावं तसं समजवायला सुरुवात केली.

"हे बघा मॅडम. हा समोरचा रस्ता कोणी केला? मी. हा दिवा कोणी लावला? मी. पाणी? माझी बोअर. कचरा माझा गडी नेतो. नगरपालिकेने मला काय दिलं? मी तुमच्याकडे काही मागत नाही, तुम्ही माझ्याकडे काही मागत नाही. सोळा वर्षं कसं गोडीगुलाबीने चाललंय! तुम्ही कशाला मध्ये टेप घालता?"

"शेठ, सगळ्यांनी असं म्हटलं तर गावाचं कसं चालेल?"

"आणि पैसे दिले तर चालतं का? चौकातलं कारंजं बघितलंत? चार लाखांचं. उद्घाटनाला टँकरने पाणी आणलं होतं. अर्धा तास उडलं. मी समोर उभा होतो, माझ्यावर शिंतोडे आले. तेवढाच मला मिळालेला सरकारी लाभ."

मी वाद पुढे नेला नाही. कारण कारंजं मीही बघितलं होतं. त्यात शेळ्या बसायच्या.

आणि दुसरं कारण जरा वेगळं होतं. सकाळी आठपासून मी हिंडत होते, आता एक वाजला होता, आणि चहा पिणं ही मोठीच चूक झाली होती. पुरुषांना हे कळायचं नाही. चांदसूरसारख्या गावात दिवसभर रस्त्यावर काम करणाऱ्या बाईचं पहिलं कौशल्य म्हणजे पाणी न पिणं. मी खुर्चीत अस्वस्थ होऊन जागा बदलत होते. दारात उभ्या असलेल्या शेठच्या बायकोने, इंदुमतीबाईंनी, ते एका नजरेत ओळखलं.

"अहो, त्यांना जरा घर तरी बघू द्या," त्या म्हणाल्या. "या हो ताई, आत या."

आत गेल्यावर त्यांनी मला न विचारता एक दार दाखवलं. त्या क्षणी मी त्यांची जितकी ऋणी झाले, तितकी आयुष्यात फार कमी जणांची झाले असेन. मोठं, थंडगार, गुलाबी फरशीचं न्हाणीघर. सहा नळ. प्रत्येकाला धो धो पाणी.

बाहेर आले तर इंदुमतीबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

"दिवसभर असंच करता?"

"काय करणार? सोय कुठे आहे?"

"मागे बाजारात ते निळं बांधलंय ना? बायकांसाठी? त्याला तीन वर्षं झाली की."

"त्याला कुलूप आहे."

"अजून?" त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाल्या, "लग्न झाल्यावर सहा वर्षं मी त्याच बाजारात केळी विकली, ताई. पहाटे घरून निघायचं, ते अंधार पडल्यावरच घरी. तेव्हापासून मूतखड्याचं दुखणं लागलं ते लागलं."

ओट्यावर परतल्यावर मी वही उघडली आणि लिहिलं: न्हाणीघर, एक. गुलाबी फरशी.

"मॅडम, हे बरं नाही," शेठ म्हणाले. "पाहुणचार घ्यायचा आणि तोच मोजायचा?"

"आणखी किती आहेत?"

ते मोठ्याने हसले. मग एकदम म्हणाले, "चला, एक पैज लावू. तुमचं ते निळं प्रसाधनगृह उघडा. पाण्यासकट. ज्या दिवशी ते चालू होईल, त्याच दिवशी मी सगळा बंगला मोजू देतो आणि पूर्ण कर भरतो. नाही उघडलं, तर हा गोठा गोठाच."

"लिहून द्या."

"लिहायचं कशाला? ही साक्षीदार." त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. बाई हसल्या नाहीत.

*

मुख्याधिकारी कर्णिकसाहेबांना मी सगळं सांगितलं. साहेब मवाळ स्वभावाचे होते. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ते पेनाचं टोपण तीनदा उघडून बंद करायचे.

"खर्चे बाई, तुमचा परिवीक्षा कालावधी अजून चालू आहे ना?"

"हो."

"मग गोठ्यात कशाला शिरता?"

पण प्रसाधनगृह उघडायला त्यांची हरकत नव्हती. ते उघडणार नाही याची त्यांना खात्री होती, हे मला नंतर कळलं. मी किल्ली शोधायला निघाले. बांधकाम विभाग म्हणाला, आम्ही इमारत आरोग्याच्या ताब्यात दिली. आरोग्य विभाग म्हणाला, पाणी नाही म्हणून आम्ही ताबा घेतला नाही. पाणीपुरवठ्याने कपाटातून फाइल काढून दाखवली: एक इंची नळजोडणी पूर्ण, ठेकेदाराचं बिल अदा, पाणी चालू. म्हणजे कागदावर तिथे तीन वर्षं पाणी वाहत होतं. किल्ली मात्र तिन्ही विभागांनी कधी पाहिली नव्हती.

"मंगळवारी जाऊ," सुभानभाऊ म्हणाले. "मोठ्या बाजाराचा दिवस आहे. लोक असले म्हणजे कुलूपही जरा लाजतं."

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही पोचलो. प्रसाधनगृहाच्या पायऱ्यांवर बेबाबाई भोई वांगी मांडून बसायच्या. साठीच्या, ठसठशीत कुंकवाच्या, आवाज असा की वांगी विकायला वेगळी पाटी नको.

"सरका बेबाबाई, दार उघडायचंय."

"कोनतं दार?"

"तुमच्या पाठीमागचं."

त्यांनी मागे वळून बघितलं. तीन वर्षांत ते दार आहे हे बहुतेक त्या विसरल्या होत्या. "बाई, त्याला मोठं कुलूप हाये. मंत्री लावून गेला."

सुभानभाऊंनी कुलूप हातात घेऊन पाहिलं. खरोखर मोठं होतं, पितळी. त्यांनी ते सहज एकदा ओढलं आणि कडीकोयंड्यासकट ते सबंध त्यांच्या हातात आलं. ठेकेदाराने स्क्रू लावलेच नव्हते. कोयंडा नुसता रंगाने दाराला चिकटला होता.

मग बेबाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं आई गं! तीन वर्स आमी याला भ्यालो?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसायला लागल्या. मीही हसले. आत चार खोल्या होत्या, कोऱ्या, धुळीने भरलेल्या. नळ सोडला. नळाने घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि थांबला. पाणी नाही.

आता सुभानभाऊंची पाळी होती. त्यांनी सायकलला बांधून आणलेली वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी काढली. एक टोक इमारतीच्या मागे जमिनीवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग चार पावलं पुढे. पुन्हा डोळे मिटले. सगळा बाजार बघत होता, कारण हे वैदूने नाडी बघावी तसंच दिसत होतं.

"पाणी आहे," ते म्हणाले. "इथून जातंय. पण इकडे येत नाही, तिकडे जातंय."

"तिकडे कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. बाजाराच्या मागची उंच पांढरी भिंत. भिंतीवरून कमळाच्या टाकीच्या पाकळ्या दिसत होत्या.

इमारतीच्या मागे मातीखाली एक झाकण सापडलं. झाकणाखाली दोन वॉल. एक प्रसाधनगृहाचा, घट्ट बंद. दुसरा पुढे बंगल्याकडे जाणारा, पूर्ण उघडा. सुभानभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत प्रश्न होता, आणि तो माझ्या नोकरीबद्दल होता. मला आठवतंय, त्या वेळी माझ्या मनात काही थोर विचार वगैरे आला नाही. मला फक्त ते गुलाबी न्हाणीघर दिसलं आणि त्याचे सहा नळ दिसले.

"फिरवा," मी म्हणाले.

त्यांनी एक बंद केला, दुसरा उघडला. आत नळ खोकला, लाल पाणी ओकला, आणि मग स्वच्छ पाणी धो धो यायला लागलं. बायकांनी जो गलका केला तो ऐकून अर्धा बाजार धावत आला.

पाचच मिनिटांत भिंतीपलीकडून यादवशेठचा आवाज आला. "अरे पाणी का गेलं? इंदू! मोटर बघ!"

पाठोपाठ ते भिंतीतल्या मागच्या दारातून बाहेर आले. कमरेला पंचा, चेहऱ्यावर साबण, एक डोळा मिटलेला. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी दीडशे बायका बघितल्या, उघडं झाकण बघितलं, मला बघितलं. साबण नसता तर चेहऱ्यावर काय दिसलं असतं, देव जाणे.

"शेठ," मी म्हणाले, "प्रसाधनगृह उघडलं. पाण्यासकट."

मागे इंदुमतीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी झाकणाजवळ येऊन दोन्ही वॉल शांतपणे बघितले.

"अहो, ही आपली बोअर ना?"

"बोअर दोन वर्षांपूर्वीच आटली गं," शेठ हळू आवाजात म्हणाले. "ठेकेदारच म्हणाला, लाईन दारावरूनच जातेय, देऊ का फाटा. मी म्हटलं, दे."

"बायकांच्या मोरीचं पाणी?"

"मला तेव्हा तसं..."

"आणि मी तेच पाणी गवताला शिंपते?"

साबण डोळ्यात गेला होता की काय, शेठचा दुसरा डोळाही मिटला. बेबाबाईंनी एक तांब्या भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. "धुवून घ्या शेठ. डोळे जळतील." शेठनी सगळ्या बाजारासमोर तोंड धुतलं.

इंदुमतीबाई माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या हातातल्या टेपचं टोक धरलं. "चला ताई. वरच्या मजल्यापासून सुरू करू. पाच न्हाणीघरं आहेत. एक ते सांगणार नाहीत, माळ्याच्या मागे आहे."

बंगला मोजायला साडेतीन तास लागले. बाई टोक धरून पुढे, आकडे मोठ्याने सांगत, आणि शेठ मागून कोरडा सदरा घालून येत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी स्वतःच मला सांगितलं, "ती बाल्कनी राहिली." कर झाला वर्षाला नऊ हजार तीनशे चाळीस रुपये. दुसऱ्याच दिवशी शेठ कचेरीत आले, रोख भरले आणि पावती घडी करून खिशात ठेवली. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मला वाटलं, गोष्ट संपली.

गोष्ट तर पुढच्या सोमवारी सुरू झाली.

अकरा वाजता शेठ पुन्हा आले. कर्णिकसाहेबांच्या समोर बसले, खिशातून पावती काढली, टेबलावर सरळ केली.

"साहेब, यात लिहिलंय, दिवाबत्ती कर. माझ्या गल्लीतले तीन दिवे बंद आहेत. हा पैसा कुठे जातो?"

साहेबांनी टोपण उघडलं, बंद केलं.

त्यापुढच्या सोमवारी कारंजं. चार लाखांची बिलं बघायची होती. त्यापुढच्या सोमवारी सफाई कामगार: हजेरीत एकतीस, रस्त्यावर चौदा, बाकीचे कुठे? शेठनी धंद्यातली अक्कल सगळी इकडे लावली होती. दिल्लीत उतरलेल्या मालात दोन डझन केळी कमी भरली तर इथे बसून पकडणारा माणूस तो. त्याला चांदसूरची वही वाचायला किती वेळ? "मी कर भरतो!" हे वाक्य ते इतक्या जोरात म्हणायचे, की व्हरांड्यातली कबुतरं उडायची. सोळा वर्षं ज्या माणसाने नगरपरिषदेचा उंबरठा ओलांडला नव्हता, तो आता आमच्या कर्मचाऱ्यांपेक्षा वेळेवर यायचा.

एका सोमवारी ते गेल्यावर कर्णिकसाहेबांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"खर्चे बाई, तुम्हाला काय वाटलं, मला तो बंगला दिसत नव्हता? माझ्या खिडकीतून टाकी दिसते."

"मग साहेब, इतकी वर्षं..."

"बाई, जो भरत नाही, तो विचारत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "फार सोयीचं होतं ते. त्यालाही आणि आम्हालाही."

इतके दिवस मला वाटत होतं, एका बाजूला चोर आहे आणि दुसऱ्या बाजूला झोपलेला पहारेकरी. पहारेकरी जागा होता. त्याला फक्त कुणी हाक मारलेली नको होती.

जूनमध्ये माझ्या बदलीचा आदेश आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जकात नाक्यावर. कारण प्रशासकीय. शेठ माझ्या बदलीविरुद्ध अर्ज घेऊन आले होते, पण मीच त्यांना थांबवलं.

शेवटच्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत पदभार सोपवायच्या कागदांवर सह्या करत होते. दार न वाजवता बेबाबाई आत आल्या. मागे सात-आठ बायका. मेथीवाली, कांदेवाली, बांगड्यावाली.

"काय पाहिजे?" साहेब म्हणाले.

"त्या मोरीतला एक नळ मोडलाय. चार दिस झाले. बसवून द्या."

"अर्ज द्या. बघू."

"शेठ येतो तवा तुमी अर्ज मागत नाही. खुर्ची देता."

"अहो बाई, ते करदाते आहेत."

बेबाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. "मंग आमी कोन हाओत?" त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली.

गुलाबी, पातळ कागदाचे तुकडे. बाजारात बसायची रोजची एक रुपयाची पावती. वसुलीवाले दोनदा पैसे मागतात म्हणून या बायका एकही टाकत नसत. कितीतरी वर्षांच्या होत्या. पाठोपाठ मेथीवालीने तिची पिशवी उलटी केली, मग बांगड्यावालीने. साहेबांचं टेबल दिसेनासं झालं, पेन दिसेनासं झालं, माझे पदभाराचे कागद खाली गेले. मी मनातल्या मनात हिशोब केला. दिवसाला एक रुपया. वर्षाला तीनशेच्या वर. आणि समोरच्या पांढऱ्या बंगल्याने सोळा वर्षांत मिळून दोनशेसुद्धा भरले नव्हते.

वरचा पंखा जोरात फिरत होता. पहिली पावती उडाली, मग दहा, मग सगळ्याच. खोलीभर गुलाबी कागद भिरभिरायला लागले.

"पंखा बंद करा! सुभान, पंखा!" साहेब ओरडले.

सुभानभाऊ बटणाजवळच उभे होते. त्यांनी बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणालात, साहेब?"